पाच जीव आणि हरभऱ्याचा सारा : रात्रीच्या ओलितात लागलेल्या एका फोनच्या खेळाचं प्रकरण

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्यासाठी घरातल्या दोघांचीही परवानगी घेतली आहे. भाऊंनी ती देताना एकच अट घातली : "गावाचं नाव टाकू नका, लोकं हासतीन.")

पार्श्वभूमी

गजाननभाऊ 47 वर्षांचे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या पट्ट्यात. सात एकर वावर, विहीर, पाच एचपीची मोटर. खरिपात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, रब्बीत दीड एकर हरभरा, एकरभर गहू. घरात बायको सुनंदावहिनी आणि म्हातारी माय. मुलगा अमरावतीला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दारूला शिवत नाहीत. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात, पण या भागात खर्रा न खाणारा माणूस शोधावाच लागतो, त्यामुळे ते मी धरत नाही.

मी इथे बचत गटांसोबत आणि शेतकरी कुटुंबांसोबत काम करते. दारू, सट्टा, सावकारी, भाऊबंदकी यांच्या नोंदींनी माझ्या वह्या भरलेल्या आहेत. रंगीबेरंगी फळं जुळवायच्या खेळावर कधी नोंद करावी लागेल असं डोक्यातही नव्हतं.

हे प्रकरण समजायला आधी रात्रीची लाईन, म्हणजे रात्री येणारी वीज, समजली पाहिजे. शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) मोटर चालवणारी थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री, आणि हे वेळापत्रक फिरत राहतं. रात्रीची पाळी आली की माणूस दहाच्या सुमारास डबा, टॉर्च, काठी आणि ब्लँकेट घेऊन वावरात जातो, मोटर सुरू करतो आणि एकेका साऱ्यात, म्हणजे वावरातल्या एकेका लांब वाफ्यात, पाणी सोडत बसतो. सारा भरला की फावड्यानं दांडाचं (पाण्याच्या पाटाचं) एक तोंड बांधायचं, दुसरं फोडायचं. भाऊंच्या जमिनीत एक सारा भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एवढ्या वेळात झोप लागू द्यायची नसते आणि काही कामही नसतं. थंडी असते, रानडुकरं असतात, रोही (नीलगायी) असतात. शिवाय 2018 मध्ये पांढरकवडा-राळेगावकडच्या, माणसं मारल्याचा ठपका असलेल्या वाघिणीला गोळी घातली गेली, त्या आठवणी या पट्ट्यातून गेलेल्या नाहीत. पऱ्हाटीत काही सळसळलं की माणूस तिकडे बघायचंही टाळतो. फोनच्या उजेडात मान खाली घालून बसणं त्याला सोयीचं वाटतं.

खेळ कसा शिरला

2024 च्या दिवाळीत भाची आली होती, दुसरीतली. तिनं मामाच्या फोनमध्ये गेम टाकला आणि भाऊबीज करून निघून गेली. एका ओळीत तीन सारखी फळं आली की ती फुटतात, वरची खाली पडतात, गंमतशीर आवाज येतो. बस्स, एवढाच खेळ. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुरीला पाणी देताना भाऊंनी तो पहिल्यांदा उघडला.

"झोप येऊन रायली होती ताई. म्हटलं पाऊ तरी, पोरगी दिवसभर काय टिकटिक करत होती."

त्या रात्री झोप उडाली, पाणी नीट झालं, एकही सारा फुटला नाही. म्हणजे पहिल्या दिवशी गेमनं भाऊंचं कामच केलं होतं. प्रकरण लिहिताना मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. नंतर घरच्यांनी "काय मेलं त्या फळांत ठेवलं आहे" असं शंभरदा विचारलं. त्या फळांनी भाऊंना दोन महिने रात्री जागं ठेवलं होतं आणि वाघ आठवू दिला नव्हता.

या जातीच्या खेळांची वंशावळ तशी जुनी आहे. 1994 मध्ये एका रशियन माणसानं डॉसवर चालणारा 'शारिकी' नावाचा रंगीत गोळे जुळवायचा खेळ केला. 2001 मध्ये 'बिज्वेल्ड' आला, 2012 मध्ये 'कँडी क्रश सागा'. भाऊंचा गेम यांतला कुठलाच नाही, पण चाल तीच. पाच जीव मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि गेलेला जीव अर्ध्या तासानं आपोआप परत येतो. पाचही गेले तर सगळे भरायला अडीच तास.

आता हा अर्धा तास आणि साऱ्याची वीस-पंचवीस मिनिटं शेजारी ठेवून बघा. सारा वळवून येईपर्यंत एक जीव तयार होत आलेला असतो. डिसेंबरात भाऊ पाण्याचा हिशेबही त्याच भाषेत करायला लागले होते. "आज गव्हाले चौदा जीव लागले," असं ते एकदा मायसमोर बोलून गेले. म्हातारीला वाटलं, पाण्यात किडे-बेडूक मेले असतील.

अडचण

पहिली शंका वहिनींना आली ती दिवसाच्या फोनमुळे. रात्रीचं ठीक होतं, पण आता हा माणूस संडासात फोन नेऊ लागला, जेवताना ताटाशेजारी पालथा ठेवू लागला, कुणी आलं की खिशात टाकू लागला. बँकेच्या मेसेजमध्ये 29 रुपये, 89 रुपये, परत 89 रुपये असे आकडे दिसू लागले. वहिनींनी मनात दोन अर्थ लावले. बाई असेल, नाहीतर ऑनलाईन रमी. रमीनं शेजारच्या गावातल्या एका पोराचं दोन एकर वावर गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं नाही. जवळपास महिनाभर विचारलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला भाऊ दिवसा घरी झोपले असताना वहिनींनी वेळ बघायला त्यांचा फोन उचलला. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे दोन वाजले होते, फोनमध्ये पावणेपाच. त्यांना वाटलं फोन बिघडला. तो बिघडला नव्हता. भाऊंनीच फोनची वेळ हातानं पुढं ढकलली होती, कारण घड्याळ अडीच तास पुढं केलं की गेमला वाटतं अडीच तास झाले, आणि पाचही जीव एकदम परत मिळतात. ही युक्ती जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे, सगळ्या गेममध्ये चालतेच असं नाही. सातवी शिकलेल्या या माणसाला ती कुणी सांगितली नव्हती. त्यानं स्वतः शोधून काढली. मला आजही यात थोडं कौतुक वाटतं.

संक्रांत झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री या युक्तीनंच घात केला. हरभऱ्यात घाटे भरत होते, दुसरं पाणी चालू होतं. झोप लागलीच तर म्हणून भाऊ सारा वळवायच्या वेळेचा गजर लावत. अकरा दहाला त्यांनी साडेअकराचा गजर लावला. पाच मिनिटांत उरलेले दोन्ही जीव संपले, म्हणून घड्याळ अडीच तास पुढं केलं. गजराची वेळ एकदम मागं पडली. फोन जागच्या जागी वाजला, तो भाऊंनी अंगठ्यानं न बघताच बंद केला आणि खेळू लागले. ते पाच जीव संपल्यावर परत घड्याळ ढकललं. केव्हातरी थंडगार पाणी चपलेत आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. दांड फुटून पाणी खालच्या खोलगट टोकात जाऊन थांबलं होतं. किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता, फोन तर पहाटेचे साडेपाच दाखवत होता आणि आकाशात उजेडाचा पत्ता नव्हता.

काळ्या भारी जमिनीत हरभऱ्याला पाणी साचलेलं सोसत नाही. आठ-दहा दिवसांत त्या टोकाचं अर्धा एकर पिवळं पडून उभळलं. अंदाजे तीन क्विंटलचं नुकसान. त्या हंगामाचा हमीभाव 5,650 रुपये होता, म्हणजे जवळपास 17,000 रुपये. गेममध्ये गेलेले पैसे सगळे मिळून 1,340.

भाऊंनी घरी सांगितलं, उंदरानं दांड पोखरला.

माझ्यापर्यंत कसं आलं

हळदीकुंकवात. वाण घेता घेता वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यायच्या डोक्यावर काही परिणाम झाला काय पायता का? फोनात वेगळीच घडी लावून ठेवतेत."

चार दिवसांनी घरी गेले. भाऊंनी आधी हसण्यावारी नेलं, मग गप्प झाले, मग जे बोलले ते मी तसंच लिहून ठेवलं आहे : "दारू असती त सांगता आलं असतं ताई. दारूड्याले लोकं समजावतेत तरी. संत्रं आन् द्राक्षं फोडता फोडता हरभरा बुडवला, हे कोनाले सांगू?"

वहिनींचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता. बाई नाही, रमी नाही, याचं हायसं आणि "एवढ्यासाठी?" हा संताप, दोन्ही एकदम. संताप जिंकला.

मग आम्ही फोनच्या सेटिंगमधलं 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं. रोज किती वेळ जातो याचा भाऊंचा अंदाज होता एक-दीड तास. आदल्या आठवड्याची सरासरी निघाली रोज 4 तास 50 मिनिटं. भाऊ आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. "यात घडीचं बी मिसळलं असन," म्हणाले. थोडंफार मिसळलं असेलही.

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न नाव काय द्यायचं हा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण बारा महिने दिसणं. पहिल्या तीन गोष्टी कमी-अधिक होत्या, चौथी नव्हती. इथे तर तीन महिनेही भरले नव्हते. मी 'व्यसन' हा शब्द घरात वापरायचा नाही असं ठरवलं. वहिनींनी तो त्याच संध्याकाळी वापरला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा मोफत नंबर मी दिला. भाऊ म्हणाले, "फळासाठी डॉक्टर?" तरी नंबर खडूनं स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. लागलाच तर असावा.

गेम काढून टाकणं सगळ्यात सोपं वाटत होतं आणि मुलाचा आग्रहही तोच होता. त्याची यात जुनी वसुली होती. बारावीत असताना पब्जीवरून त्यानं बापाच्या हातची चप्पल खाल्ली होती आणि 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा बाबांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तो फोनवर इतका हसला की भाऊंनी फोन कापला.

साधा बटणाचा फोन द्यावा असं मायचं मत. पण ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद) त्याच फोनवर, बाजारभावाचा ग्रुप त्यावर, पोराला पैसे पाठवायचे त्यावर. बटणाचा फोन म्हणजे दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं.

मला स्वतःला वाटत होतं की मूळ दुखणं रात्रीचं ओलित आहे, तेच हटवावं. सौर पंप बसला तर दिवसा पाणी. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही सरकारी योजना पाहिली, पण ती ज्यांच्याकडे वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी. भाऊंच्या विहिरीवर वीस वर्षांची जोडणी. तो रस्ता बंद. तुषार संच घ्यावा तर एवढा पैसा हंगामाच्या मध्यात नव्हता.

काय केलं, आणि काय फसलं

सोमवारी गेम काढला. गुरुवारी रात्री गव्हाला पाणी होतं. शुक्रवारी सकाळी गेम परत फोनमध्ये होता आणि भाऊ जिथं सोडलं होतं तिथंच, लेव्हल 612 वर होते. खेळ खात्याशी जोडलेला होता, तो काढला तरी आतलं काही पुसलं जात नाही. उलट तीन दिवस आले नाहीत म्हणून गेमनं त्यांना फुकटचे जीव आणि एक बॉम्ब बक्षीस दिला. "जावयावानी सोय केली लेकानं," भाऊ म्हणाले.

मग भाऊंनी सौदा मांडला : लेव्हल 700 झाली की आपोआप सोडतो. मी मान्य केलं. ही माझी चूक. मला वाटलं, माणूस स्वतः हद्द आखतो आहे तर आखू द्यावी. पण असल्या खेळाला शेवटच नसतो. कँडी क्रशच्याच लेव्हल हजारोंच्या घरात आहेत आणि नव्या पडतच राहतात. शिवाय हद्द जवळ आली म्हणून भाऊ रोज जास्त खेळू लागले. पाचव्या दिवशी वापर साडेपाच तासांवर गेला.

तेव्हा मी तोच गेम माझ्या फोनमध्ये टाकून घेतला. अभ्यासासाठी, असं मी घरी सांगितलं. चार दिवसांत लेव्हल 90 वर होते आणि एका बैठकीला वीस मिनिटं उशिरा पोचले. त्यातून एक गोष्ट मात्र उमगली. माणूस जिंकल्यामुळे अडकत नाही, एका चालीनं हरल्यामुळे अडकतो. शेवटची दोन फळं उरतात, चाली संपतात आणि पडदा म्हणतो, 89 रुपयांत आणखी पाच चाली. कुठल्या डावाला नशीब उघडेल ते ठरलेलं नसतं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरं आणि उंदरांवर हेच दाखवून ठेवलं होतं : दाणा दरवेळी मिळाला तर प्राणी निवांत राहतो, कधी मिळेल कधी नाही असं असलं तर तो चोच मारणं थांबवत नाही. भाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे कापसाच्या भावासारखं." मला याच्यापुढे काही सुचलं नाही.

शेवटी उपयोगी पडलं ते अगदीच घरगुती. शेजारच्या धुऱ्याचे (बांधापलीकडच्या वावराचे) रमेशकाका त्याच फिडरवर आहेत, त्यांचीही तीच पाळी. आजवर दोघं दोन विहिरींवर आपापल्या फोनच्या उजेडात बसत, मध्ये दीडशे पावलं. वहिनींनी काकूंशी बोलून ठरवलं की दोघांनी एकाच शेकोटीवर बसायचं, पाणी आळीपाळीनं वळवायचं आणि वेळ बघायला मनगटी घड्याळ वापरायचं. लग्नातलं घड्याळ पेटीत पडून होतं, सेल टाकून चालू केलं. फोन रमेशकाकांच्या बंडीच्या (बैलगाडीच्या) पेटीत. पहिल्या रात्री भाऊ दोनदा "पोराचा फोन येईन" म्हणून उठले. काका म्हणाले, "पोरगा रात्री एक वाजता कायले फोन करन? बस गड्या." विस्तवावर तुरीच्या शेंगा टाकल्या, ओला हरभरा भाजला. उभळलेल्या टोकातला नाही, बाकीच्यातला.

त्याच रात्री भाऊंनी काकांना उंदराची खरी गोष्ट सांगितली. काका हसले नाहीत. त्यांच्या फोनमध्ये लुडो होता.

निष्पत्ती

गव्हाची उरलेली तीन पाणी अशी झाली. फेब्रुवारीअखेर वापर रोज 50 मिनिटांवर आला, तोही बराचसा दुपारी जेवण झाल्यावर. पैसे जाणं बंद झालं. ते मात्र आपोआप नाही, मुलानं येऊन खरेदीला पासवर्ड टाकला आणि तो फक्त आईला सांगितला. गेम आजही फोनमध्ये आहे. वहिनींना ते खटकतं. मला फार खटकत नाही. दुपारी खाटेवर पडून पाऊण तास फळं फोडणारा माणूस आणि रात्री दांडावर बसून घड्याळ ढकलणारा माणूस हे मला एकाच खात्यात टाकता येत नाहीत. यावर आमच्या दोघींत एकमत झालेलं नाही.

17,000 चं नुकसान भरून निघालं नाही. उभळलेल्या टोकात उन्हाळी तीळ टाकला, तो बेताचाच झाला.

वेगळं काय करता आलं असतं

वहिनींनी डिसेंबरात विचारलं असतं तर हरभरा वाचला असता असं त्या स्वतःच म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. बाई किंवा रमी असेल या भीतीनं गप्प बसलेल्या बाईला 'फळं' हे उत्तर सुचणार तरी कुठून? माझ्याकडून मात्र दोन गोष्टी आधी व्हायला हव्या होत्या. सातशेच्या लेव्हलचा सौदा मी त्याच बैठकीत मोडायला हवा होता. आणि पहिल्या भेटीत मी "किती खेळता" हे विचारलं, "कुठं बसून खेळता" हे विचारलं नाही. ते विचारलं असतं तर रमेशकाकांचा धुरा दोन आठवडे आधी सापडला असता. वावरात मी गेले ती तिसऱ्या भेटीत, आणि तीही दिवसा. रात्री अकराला तिथं काय वाटतं ते मला आजही ऐकूनच माहीत आहे.

मुलाच्या हसण्याचंही काहीतरी करायला हवं होतं. भाऊ तीन आठवडे त्याच्याशी नीट बोलले नाहीत, तो तुटलेला धागा माझ्या नोंदीत उशिरा आला.

2025 च्या नोव्हेंबरात परत रात्रीची पाळी लागली. मी फोन केला आणि इकडचं-तिकडचं झाल्यावर विचारलं, फोनमधली घडी बरोबर आहे ना.

"थांबा, पाह्यतो," भाऊ म्हणाले. बाजूला कुणाला तरी वेळ विचारल्याचा आवाज आला, मग रमेशकाकांचा खोकला. "दोन मिन्टं मांगं हाय ताई. पन थे मनगटावरचं हाय."